ताईची बस

बंडूने सवयीने दोन्ही हात ताईच्या काखेत घातले. ताईने ते हलकेच बाजूला केले.

"आज नको," ती म्हणाली. "बघ तरी."

समोर बस येऊन थांबली होती. तिला चालकाची जागाच नव्हती. पुढच्या काचेमागे सरळ प्रवासी बसले होते. फुस्स आवाज करत बस फुटपाथच्या बाजूला झुकली, दार उघडलं आणि खालून एक रुंद फळी सरकत येऊन फुटपाथला टेकली. ताईने व्हीलचेअरची चाकं पुढे रेटली. धक्का नाही, ओढाताण नाही. आत शिरून तिने खुर्ची वळवली. बंडूने एक पाय फळीवर ठेवला.

"तू कुठे निघालास?"

"कुठे म्हणजे? तुझ्याबरोबर."

"जाते मी. तू दुकान उघड."

फळी हळूच मागे सरकू लागली, तेव्हा त्याला पाय काढावाच लागला. दार मिटलं आणि बस गेली.

बंडू गाड्यांच्या सीटा शिवायचा. केस पिकायला लागले तरी गिऱ्हाइकंसुद्धा त्याला बंडूच म्हणत. ताईचे पाय लहानपणीच तापात गेले. तिला उचलायचं काम आधी वडिलांकडे होतं, मग ते बंडूकडे आलं. बसच्या पायऱ्या असोत, दवाखान्याच्या की लग्नाच्या हॉलच्या, बंडू आला की लोक आपसूक वाट द्यायचे. "ताईचे पाय म्हणजे मी," असं तो हसत सांगायचा.

ताई घरी बसून कवळ्या घडवायची. निम्म्या शहराची बत्तिशी माझ्या ताईने बसवलीय, असं बंडू छातीठोकपणे सांगे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पण आता तिला हे काम देणारी दातांची प्रयोगशाळा शहराबाहेर वाढणाऱ्या नव्या वस्तीत गेली होती, आणि मालकांनी तिला विभागप्रमुख म्हणून बोलावलं होतं. बंडू म्हणाला होता, "रोज कसं जमायचं? मला दुकान आहे." मग ही बस सुरू झाली, आणि घरात कोणालाही न विचारता तिने होकार कळवून टाकला.

बंडू स्टॉपवर क्षणभर उभा राहिला. मग हेल्मेट डोक्यात कोंबून त्याने स्कूटरला किक मारली.

नव्या वस्तीचा रस्ता सरळसोट होता. दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, क्रेन, आणि मधोमध बसची वेगळी मार्गिका. बंडू कडेकडेने बसला समांतर जाऊ लागला. काचेतून ताईचं डोकं दिसत होतं. तिने खुर्चीचा पट्टा लावला असेल का? शेजारचा माणूस तिच्या अंगावर तर रेलत नाही ना? नीट बघायच्या नादात तो कधी मार्गिकेत घुसला आणि बसच्या पुढे गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

बस अलगद थांबली. तिच्या मागची बसही थांबली. बसच्या बाहेरच्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. दूर कुठल्यातरी खोलीत पडद्यावर सगळं बघत बसलेली ती बाई वैतागलेली वाटली नाही, हेच बंडूला जास्त लागलं.

"स्कूटरवाले काका, जरा बाजूला होता का? लोकांना कामावर जायचंय."

बसमधली सगळी डोकी पुढे वळली. बंडूने मान खाली घालून स्कूटर कडेला घेतली. बस पुन्हा निघाली. लोकांना कामावर जायचंय. त्या लोकांत ताईसुद्धा होती, हे त्याच्या डोक्यात शिरायला पुढचा सिग्नल यावा लागला.

तो पोचला तेव्हा ताई उतरून फुटपाथवर आली होती. बंडू रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या स्टॉपच्या खांबाआड उभा राहिला. प्रयोगशाळेची इमारत समोरच होती, पण मध्ये फुटपाथ खणून ठेवला होता. ताई चरापाशी थांबून अंदाज घेत होती. बंडूचे हात आपोआप पुढे झाले. एक पाय रस्त्यावर पडलासुद्धा.

खिशातला फोन वाजला.

"पोचले रे," ताई म्हणाली.

पाठमोरी ताई, कानाला फोन, पुढ्यात चर. बंडूने पाय मागे घेतला.

"आत गेलीस?"

"गेले की. तू कुठे आहेस?"

"दुकानात. कुठे असणार?"

ताई म्हणाली, "मग हेल्मेट काढ आता. उकडत असेल."

फोन बंद झाला. तिने मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची वळवून ती चराच्या कडेने निघाली, एका मजुराला काहीतरी विचारलं, त्याने हात लांब करून दाखवलं. मालाच्या गाड्यांसाठीच्या उतारावर ती लांबचा वळसा घालून गेली. उतार चांगलाच चढणीचा होता. मध्येच ती थांबली, दंड चोळले, पुन्हा चाकं धरली. बंडू जागचा हलला नाही. त्याचेच खांदे भरून आले.

वर दारात एक बाई तिची वाट पाहत होती. दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या आणि आत गेल्या.

बंडूने हेल्मेट काढलं. तेवढ्यात त्याच्यासमोर परतीची बस येऊन थांबली, झुकली, दार उघडून उभी राहिली. चढता चढता एका गृहस्थांनी विचारलं, "येताय ना?"

"नाही, बहिणीला सोडायला आलो होतो," बंडू म्हणाला. मग थांबून त्याने ते दुरुस्त केलं. "म्हणजे, आली ती एकटीच. इथे साहेब आहे ती."