इंदुताईंचं गाठोडं

लक्ष्मणरावांच्या मुलीचं, माधवीचं, लग्न झालं ते २०२२ चं साल. मांडव उतरून महिना झाला नाही तोच त्यांच्या आई, इंदुताई, गेल्या. जाण्याआधी मुलाचा हात धरून म्हणाल्या, "माझं काही घरात ठेवू नको रे बाबा. समुद्राला दे." लक्ष्मणराव "हौ" म्हणाले.

आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस गेलं की अस्थींबरोबर त्याचं अंथरूण, पांघरूण, कपडे, सगळं पाण्यात सोडायचं. पाणी सगळं पोटात घेतं, असं आपण म्हणतो आणि मागं वळून न बघता निघून येतो. न बघण्याचीसुद्धा रीतच करून ठेवली आहे आपण!

हैदराबादच्या मलकपेठेत लक्ष्मणरावांची धान्याची आडत होती. आईच्या साड्या दुलईत गुंडाळून त्यांनी पोतं बांधतात तसं गाठोडं बांधलं. प्लास्टिकची सुतळी, दुहेरी गाठ, आणि उरलेलं टोक आत वळवून घट्ट फास. बाजारात कुणीही ओळखावी अशी ती त्यांची गाठ होती.

धाकटी बहीण रंजना जामबागेतल्या शाळेतून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "दादा, साड्या चांगल्या आहेत की. कुणाच्या तरी अंगाला लागतील."

"आईचा शब्द आहे. तू शाळा सोडलीस, पण शिकवायचं काही सोडलं नाहीस!"

माघ लागला होता. दोघं गाडीनं कृष्णेच्या मुखाशी, ती समुद्राला मिळते तिथं, पोचली. तिथं कोळ्यांचं गाव आहे. गावानं आणि वनखात्यानं मिळून एक करार केला होता. माघात समुद्री कासवं अंडी घालायला त्या वाळूवर येतात. तेवढे दिवस गावानं मुखाजवळ जाळी टाकायची नाहीत, आणि खात्यानं बाहेरच्या मोठ्या बोटींना तिथं फिरकू द्यायचं नाही. अस्थींसाठी दोघांनी मिळून काठावर कुंड बांधलं होतं. भरतीचं पाणी त्यात येई आणि जाई. कपडे गावच्या बायका ठेवून घेत, धुऊन गोधड्या शिवत.

गावसमितीची प्रमुख नागम्मा पुढं आली. लक्ष्मणरावांना तेलुगू चांगलं येत होतं; 'अय्या' म्हणजे तिकडं मानानं 'महाराज'. ती म्हणाली, "अय्या, अस्थी कुंडात सोडा. गाठोडं माझ्याकडं द्या."

लक्ष्मणराव भडकले. "हैदराबादहून एवढं आलो ते कुंडात बुडवायला? समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?"

"बापाचाच होता, अय्या," नागम्मा म्हणाली. "तो त्यातच गेला."

अस्थी लक्ष्मणरावांनी कुंडात सोडल्या, पण गाठोडं गाडीतून काढलं नाही. दिवस मावळताना "पाय मोकळे करून येतो" म्हणून ते एकटेच निघाले, ते गाठोडं काखेत मारून. पार टोकाला जाऊन त्यांनी ते लाटेत भिरकावलं. मागं वळून बघितलं नाही.

रात्री दोघं गावातच राहिली. सकाळी वाळूवर गर्दी जमली होती. परातीएवढं एक कासव मरून पडलं होतं. मानेभोवती आणि पुढच्या पायाभोवती सुतळी करकचून बसलेली. वर येऊन श्वास घेता आला नाही, गुदमरून मेलं.

वनखात्याचा अधिकारी नागम्मावर तोंडसुख घेत होता. "मुखाजवळ जाळं कुणी टाकलं? ही जाळ्याचीच दोरी! करार मोडलात तुम्ही. आता मोठ्या बोटींना मी कुठल्या तोंडानं अडवू?"

"आमची दोरी नाही, साहेब."

"मग कुणाची?"

उत्तर लक्ष्मणरावांजवळ होतं. ती गाठ त्यांनी बघितली होती. दुहेरी गाठ, टोक आत वळवलेलं! दुलई आणि साड्या लाटांनी ओढून नेल्या होत्या, सुतळी तेवढी मागं राहिली होती. हळूच मागं सरून ते बहिणीला म्हणाले, "चल, उन्हाच्या आत निघू."

रंजना जागची हलली नाही. तिनंही गाठ ओळखली होती. "दादा, गाठोडं कुठंय?"

"आईचा शब्द..."

"शब्द! 'माझं काही ठेवू नको' म्हणाली आई. दुसऱ्याच्या दारात नेऊन टाक म्हणाली नव्हती! देवळात गेली की ती आधी दगडाच्या कासवाला हात लावायची, मग देवाला. तुझंही डोकं टेकवायची तिथं. दगडाच्या कासवाला नमस्कार, आणि जित्याला फास? या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन सरकारशी करार पाळलाय. आणि तू त्यांच्या माथी आळ ठेवून गाडीत बसणार?"

"लोक काय म्हणतील, रंजना?"

"खरं आहे तेच म्हणतील."

लक्ष्मणराव परत फिरले. गर्दीतून वाट काढत कासवाशी गेले आणि वाळूत बसले. "साहेब, यांना काही बोलू नका. ही गाठ माझी आहे! गाठोडं मी टाकलं!"

ते गाठ सोडवू लागले. सुटेना. नागम्मानं कमरेची सुरी काढून सुतळी कापली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"अंडी घातली होती का हिनं?" त्यांनी मान खाली घालूनच विचारलं.

"कोण जाणे, अय्या," एवढंच ती म्हणाली.

हैदराबादला आल्यावर लक्ष्मणराव ओळखीच्या मराठी घरांत कुणी वारलं की न बोलावता जाऊ लागले. घडलेलं सगळं सांगत, स्वतःचं नाव न लपवता. कपडे मागून घेत आणि धुऊन गरजूंना देत. नल्लकुंट्यात एकानं तोंडावर म्हटलं, "आले चिंध्यावाले!" त्यांनी ते ऐकून घेतलं. समुद्राकडं मात्र पुन्हा गेले नाहीत. नागम्मासमोर उभं राहायचं बळ त्यांना कधी आलं नाही.

बंधूंनो, भगिनींनो, समुद्र एकट्या सरकारला राखता येत नाही आणि एकट्या गावालाही नाही. दोघांनी हात मिळवले तरी लांबून येणारे आपण ते हात सोडवू शकतो. आपली श्रद्धा आपण दुसऱ्याच्या अंगणात टाकून येऊ नये. आणि टाकलीच, तर निदान मागं वळून बघावं!

लक्ष्मणराव ऑगस्ट २०२४ मध्ये, श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी, मलकपेठेतल्या राहत्या घरी वारले.