उचलायचं नाही

छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलताना मशीनमनची कंबर धरली, तेव्हा तो आधी डॉक्टरबाईंकडेच गेला. त्यांनी त्याला वाकवून पाहिलं, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं आणि सांगितलं की नसेला धोका नाही, झोपून राहू नका, जमेल तेवढं हिंडाफिरा, हळूहळू कामाला लागा. मशीनमनला ते पटलं नाही. इथे जीव चाललाय आणि बाई म्हणतात हिंडा!

घरी येऊन त्याने फोन उघडला. तिथे मणक्याची लालभडक चित्रं होती. ‘एक चुकीचा वाक आणि जन्माचं अपंगत्व’ असे मथळे होते आणि खाली कोणीतरी पट्टा किंवा तेल विकत होतं. एक व्हिडिओ पाहिला की तसलेच आणखी समोर येत. तो पलंगावर पडला तो पडलाच. उठायचा तेव्हा पट्टा आवळून, काठीसारखा ताठ.

सगळं घर बायकोवर आलं. शिवणकामाची नोकरी सांभाळून ती पाण्याच्या बादल्या उचलायची, गॅसची टाकी सरकवायची, तीन मजले सामान चढवायची. शेजारणींना हसत सांगायची, “नवरा कुठला, काचेचं कपाट आहे माझं. हलवायचं नाही, नुसतं पुसायचं.” पुढे पुढे तिला जिन्यात धाप लागू लागली. मशीनमन म्हणायचा, माझी कंबर बरी झाली की तुलाही दाखवून आणू. ती “बरं” म्हणायची.

एका दुपारी जिन्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो दारात आला. बायको खालच्या वळणावर भिंतीला टेकून कोसळली होती. चेहरा घामाने भिजलेला.

“अहो, उठवता का जरा?” ती म्हणाली.

तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. वाचलेला प्रत्येक मथळा त्याच्या डोळ्यांपुढे आला. कठडा धरून तो शेजाऱ्यांना हाका मारू लागला. सगळे कामावर गेलेले, दारांना कुलपं. तो हाका मारत राहिला, ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची मान कलली.

तेव्हा तो वाकला. तिला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरला, रस्त्यावर आला, त्यांना पाहून थांबलेल्या एका गाडीत तिला मांडीवर घेऊन बसला. त्याच्या कंबरेला काहीही झालं नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच खूप थकलेलं होतं. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, ते सांगता येणार नाही. मशीनमनला वाटलं, त्यांनी सरळ ‘हो’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी तो डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसला. “माझी कंबर बरी आहे, बाई,” म्हणाला आणि ढसाढसा रडला. खोटं असं उघडउघड लिहितातच कसं, एवढंच तो विचारत होता.

“तुमच्याकडे मजकूर छापण्याआधी कोणीतरी मुद्रितं तपासतं ना?” बाई म्हणाल्या. “फोनवर तसं कोणी नसतं. तिथे जो जास्त घाबरवतो, त्याचं जास्त पाहिलं जातं. पण चूक माझीही झाली. तुम्हाला कसली भीती वाटते, हे मी विचारलंच नाही. घाईत पाठवून दिलं.”

मशीनमन पुन्हा कामावर जातो. गठ्ठे बेताने उचलतो. कोणी कंबर धरून फोन पुढे केला, की तो विचारतो, हे लिहिलं कोणी, तपासलं कोणी, आणि खाली विकायला काय ठेवलंय? मग त्याला घेऊन डॉक्टरबाईंकडे जातो.

वाचकहो, पाठदुखी बहुतेक वेळा चालत्या-फिरत्या माणसाची बरी होते. पायातली ताकद जाऊ लागली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र तडक दवाखाना गाठावा. फोनवर वाचलेलं डॉक्टरांना विचारून घ्यावं, विचारायला लाजू नये. अनोळखी माणसाने घातलेली भीती आपण घरात आणतो, आणि तिचं ओझं उचलतं मात्र आपलंच माणूस.