स्वतःला खाऊन तगलेली पेशी

मी एक पेशी बोलतेय. जन्म मोठ्या आतड्याच्या अस्तरातला. मालक छापखान्यात मुद्रितशोधक. दुसऱ्याच्या मजकुरातला चुकलेला अनुस्वार त्यांना चार हातांवरून दिसायचा. स्वतःच्या शौचातलं रक्त मात्र त्यांनी वर्षभर मनावर घेतलं नाही.

"अहो, दाखवून या," बायको म्हणायची.

"मूळव्याध आहे. बसून काम असतं ना."

आम्हा पेशींना जन्मजात एक सवय असते. आतले बिघडलेले भाग पिशवीत भरायचे, जिरवायचे आणि त्यातूनच नवं घडवायचं. डॉक्टर याला स्वभक्षण म्हणतात. नाव भयंकर असलं तरी ही साधी घरसफाई. माझ्याकडे ती ढिली पडली. कचरा साचला, जनुकं बिघडली आणि मी वाढत सुटले.

माझ्या लेकीबाळींची मिळून एक गाठ झाली, तसं रक्त पुरेना. मग मी जुनी सवय पुन्हा धरली, पण या वेळी पोटासाठी. स्वतःचेच तुकडे खाऊन तग धरला. इतकी मी कोडगी.

एक दिवस मालक छापखान्यात चक्कर येऊन पडले. मुलीने हाताला धरून दवाखान्यात नेलं. आत दुर्बीण घातली, मग शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, पण मी आधीच यकृतात बिऱ्हाड हलवलं होतं. केमोत शेजारणी पटापट मेल्या. मी स्वतःला कुरतडत बसून राहिले.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जोडीला एक गोळी सुचवली. "या पेशी स्वतःला खाऊन जगतात. त्यांचं पचनच बंद पाडून बघू. प्रयोग आहे, खात्री देत नाही."

मालकांनी संमतीपत्र वाचलं, त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली.

माझ्या पिशव्या आता भरतात, जिरत काही नाही. फुगून उपाशी मरतेय. नव्या तपासणीत यकृतातल्या गाठी लहान दिसल्या. मुलगी अहवाल हातात घेऊन जिन्यातच रडत बसली.

काल मालकांचे धाकटे भाऊ आले होते.

"तूही आतडं तपासून घे," मालक म्हणाले. "सख्ख्या भावाला झालंय, तुलाही धोका आहे."

"बघू रे दादा. हातातली कामं उरकू दे."

माझे थोडेच दिवस उरलेत, म्हणून एक विनंती करते. या भाऊंना घाई करू नका. त्यांच्या आतड्यात माझ्यासारखी एखादी असेलच, तर तिला फक्त वेळ हवा असतो. आणि तो देणारी माणसं आम्हाला कधी कमी पडली नाहीत.