ताईच्या नावावर

“तुझी ती एफडी मोड, मेहुणीबाई. महिन्यात दीडपट करून देतो,” भाऊजी म्हणाले आणि चहा भुरका मारून संपवला.

“का? तुमचे संपले वाटतं?”

“संपले काय? पैसा कामाला लावलाय. तुला नाही कळायचं.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. आयुष्यभर वजनकाट्यावर बसून ट्रकांची वजनं लिहिली, तीसुद्धा साहेबानं डोळे वटारले की मान खाली घालून. पण स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून या माणसाला सगळंच कळायला लागलं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून स्वतःच्याच घरात टीव्हीसमोर बसायचे आणि शेअरचे भाव बघायचे. गल्लीतली माणसं ‘शेठ’ म्हणून हाक मारायची, तर स्वारी खूश. लोक टर उडवतात हेसुद्धा ज्याला समजत नाही, त्याला म्हणे बाजार समजतो!

घर चालायचं माझ्या ताईच्या जिवावर. ती रंगाच्या कारखान्यात, डबे भरायच्या विभागात. कंपनीनं जुन्या कामगारांना थोडे थोडे करून शेअर दिले होते. ताईनं त्यातला एकही विकला नव्हता. निवृत्त झाली की ते विकायचे आणि राहती जागा विकत घ्यायची, असं घरमालकाशी ठरलं होतं. म्हातारपणी कुणी “जागा खाली करा” म्हणू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

पार्लरला सुट्टी म्हणून मी तिचे पडदे शिवून द्यायला आले होते. टीव्हीवर सगळे आकडे लाल. भाऊजींचा पाय सारखा हलत होता.

“भाऊजी, खरं सांगा. काय करून ठेवलंय?”

“काही नाही गं. तुझ्या ताईचे शेअर ब्रोकरकडे तारण ठेवलेत. त्यावर तो पैसे उसने देतो, त्यातून मी दुसऱ्या कंपनीचे घेतले. आता भाव जरा उतरलाय. काल त्याच्या ऑफिसात गेलो, तर म्हणतो उद्या दुपारपर्यंत पैसे भरा.”

“नाही भरले तर?”

“तर तुझ्या ताईचे विकून तो आपले पैसे वसूल करू शकतो. पण करणार नाही.”

“ताईला विचारलं होतंत?”

“विकलेत कुठे विचारायला? नुसते ठेवलेत.”

“तिच्या संमतीशिवाय?”

“तिच्या फोनवर ओटीपी येतो. ती भाजी चिरत असते, तेवढ्यात मी वाचून घालतो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोच्या घामाचं उचलून परक्याच्या दारात ठेवलं, आणि सांगताना तोंडावर केवढी हुशारी!

“मग भरा ना पैसे. बोटातली अंगठी मोडा. मित्रांकडे मागा.”

“मित्रांपुढे हात पसरू? मला काही इज्जत आहे की नाही?”

मेहुणीपुढे पसरताना बरी नाही आडवी आली इज्जत.

“अगं, तो आपला माणूस आहे,” भाऊजी म्हणाले. “गेलो की खुर्ची देतो, चहा मागवतो. विचारल्याशिवाय हात नाही लावायचा. फोन आला की दोन दिवसांची मुदत मागतो, झालं.”

मग फोन मांडीवर घेऊन बसले. फोन काही वाजला नाही. जसजशी दुपार होत गेली तसतसा त्यांचा चेहरा खुलत गेला. “बघ, म्हटलं नव्हतं? अजून अर्धा कप टाक.”

मी जागची हलले नाही. “भाऊजी, खातं कुणाच्या नावावर आहे?”

“तुझ्या ताईच्या. शेअर तिचे ना!”

“ओटीपी तिच्या फोनवर येतो. मग ब्रोकर फोन कुठे करेल?”

त्यांनी मांडीवरच्या फोनकडे बघितलं.

ताईच्या कारखान्यात फोन आत न्यायला बंदी. थिनर भडकायला एक ठिणगी पुरते, म्हणून गेटवरच्या कपाटात फोन ठेवायचा आणि पाळी सुटली की घ्यायचा. “दुपारी कधी फोन उचलत नाहीस,” म्हणून याच माणसानं तिला वर्षानुवर्षं बोल लावले होते.

त्यांनी ब्रोकरला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज.

“उठा, त्याच्या ऑफिसात जा.”

“आत्ता? माझ्या छातीत धडधडतंय गं.”

“बसा मग बूट घालून,” म्हटलं आणि मी कारखान्याकडे पळत सुटले.

गेटवरच्या वॉचमनला गयावया केली. तो म्हणाला, “बाई, मशीन चालू आहेत. घरात कुणी गेलंय का?”

“नाही हो, सगळे जिवंत आहेत.”

“मग पाळी सुटेपर्यंत थांबा.”

त्याच्या मागच्या कपाटात कुणाचा तरी फोन थरथरत होता. बराच वेळ थरथरला, मग थांबला.

पाळी सुटली. ताई बाहेर आली, नखांत निळा रंग. मला बघून घाबरली. “तू इथं? ह्यांना काही झालं का?”

“त्यांना काय धाड भरलीये!”

“असं बोलू नये गं,” ती म्हणाली आणि कपाटातून फोन काढून चष्मा लावला. “अगंबाई, एकाच नंबरवरून केवढे फोन! कोण बिचारं खोळंबलंय.”

“ताई, आधी माझं ऐक—”

तिनं फोन लावलासुद्धा. “नमस्कार. तुम्ही फोन करत होतात का? माफ करा हं, आम्हाला आत नेऊ देत नाहीत.” ती ऐकत राहिली. “हो, माझंच नाव.” मग तिनं चष्मा काढला. “सगळे?”

मागच्या बायका वाट काढत बसकडे निघाल्या होत्या. ताई भिंतीला टेकली, पण आवाज तिनं चढवला नाही.

“नाही नाही, तुमची काही चूक नाही,” ती म्हणाली. “तुम्ही केला होता फोन. मीच उचलला नाही.”