लिनेटबाईंच्या कपडे धुण्याच्या खोलीतला लाल दिवा

मित्रांनो, या विश्वात खरे प्रकाश दोनच. एक सूर्याचा आणि दुसरा माझा. फरक इतकाच, की सूर्याला प्लग लागत नाही आणि त्याला कुणी कपड्यांच्या पालथ्या टोपलीवर उभं करत नाही.

मी एक लाल दिवा आहे. अंगानं कपाटाच्या फळीएवढा, चपटा, आणि स्वभावानं भित्रा. कारखान्यात माझ्या अंगावर शेकडो बारीक दिवे बसवले. त्यातले निम्मे लाल आणि निम्मे असे, की पेटले तरी माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे मला पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "अर्धा बिघडलेलाच पाठवलाय." आयुष्याची सुरुवात अशा वाक्यानं झाल्यावर धीटपणा कुठून यायचा?

त्यात माझ्या खोक्यावरचा मजकूर. 'मांड्यांवरच्या चरबीच्या खळ्या कमी होतील' असं त्यावर कुठंही नव्हतं. 'खळ्या कमी दिसतील' असं होतं. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत वकिलांचे संसार चालतात म्हणे. माझ्या वाट्याला मात्र त्या जागेत उभं राहून घाबरणं आलं.

पेलिकन पॉइंट हे गाव एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला निलगिरीचं रान घेऊन बसलं आहे. तिथल्या लिनेटबाईंनी मला मागवलं. बाई पट्टीच्या पोहणाऱ्या. पण काही वर्षांपूर्वी पोहण्याच्या क्लबच्या बार्बेक्यूला कुणीतरी त्यांचा पाठमोरा फोटो काढला आणि हौसेनं क्लबच्या फळ्यावर लावला. फोटोत सूर्यास्त फार सुंदर आला होता. लिनेटबाईंना त्यात फक्त स्वतःच्या मांड्या दिसल्या. त्या दिवसापासून खडकातल्या समुद्रतलावात त्यांनी पायाचं बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. नव्या वर्षाच्या सकाळी क्लबच्या बायका तिथं एकत्र उड्या मारतात. यंदा आपणही मारायचीच, असं बाईंनी ठरवलं, आणि त्यासाठी मला आणलं. तोवर खळ्या हटल्या नाहीत तर मला पुन्हा खोक्यात घालून परत धाडायचं, हेही ठरलं होतं. ते त्यांनी माझ्यासमोरच मोठ्यानं म्हटलं.

हे सगळं गुपित होतं. त्यांचे यजमान क्लाइव्ह गावच्या स्वयंसेवी अग्निदलाचे कॅप्टन. दर मंगळवारी संध्याकाळी ते सरावाला गेले, की बाई पोहण्याचा जुना पोशाख घालून, डोळ्यांना काळा चष्मा लावून माझ्याकडे पाठ करून उभ्या राहत. सूचनापत्रात 'रोज' लिहिलं होतं. पण नवऱ्यापासून लपवायचा उपचार नवऱ्याच्या वेळापत्रकानंच चालतो.

"काय रे, काही होतंय का?" बाई हातातल्या आरशात मागं बघत मला विचारत. मी नुसता माझ्या पाठीवरचा गार ठेवणारा पंखा फिरवायचो.

डिसेंबर, म्हणजे तिथला ऐन उन्हाळा, आला. पश्चिमेचा गरम वारा सुटला आणि त्याला दूरच्या धुराचा वास येऊ लागला. या गावानं एकदा रान पेटलेलं पाहिलं आहे. तेव्हापासून इथं कुणी लाल रंगाकडे निवांत बघत नाही.

त्या मंगळवारी खोलीत चादरी वाळत घातल्या होत्या. वाऱ्यानं त्या माझ्यासमोर हलत होत्या, आणि खिडकीच्या धुरकट काचेवर लाल उजेड कमीजास्त होत होता. शेजारच्या ग्लेनिसबाईंनी तो पाहिला. त्यांना धुराचा वासही आला. तो त्यांच्याच तव्यावरच्या मटणाच्या चॉप्सचा होता, पण भीतीला पत्ता विचारायची सवय नसते. त्यांनी अग्निदलाला फोन केला.

भोंगा वाजला. "कुणाचं गं बाई घर पेटलं," असं म्हणत लिनेटबाई हळहळल्या. भोंगा जवळ आला. आणखी जवळ आला. मग आमच्याच दारात थांबला.

मागचं दार एका लाथेत उघडलं. दारात क्लाइव्ह उभे होते, पिवळ्या डगल्यात, शिरस्त्राणात, आणि तोंडावर रक्ताचा टिपूस नाही.

"बूट काढ," लिनेटबाई म्हणाल्या. "लादी आत्ताच पुसलीय."

क्लाइव्ह वॉशिंग मशीनला टेकले. त्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला.

"लिन, मला वाटलं, तू आत..."

"आतच आहे. जरा लाल दिसतेय, एवढंच."

"हे काय आहे?"

"दिवा."

"ते दिसतंय मला."

बाहेरून दलातल्या जोडी नावाच्या बाईचा आवाज आला. "कॅप्टन, सोडू का पाणी?"

मित्रांनो, मी विजेवर चालतो. पुढचं काय सांगू? एकीकडे पाण्याची नळी आणि दुसरीकडे सत्य. कशानं आधी मरेन, एवढाच प्रश्न माझ्यापुढं उरला होता.

"थांब गं," क्लाइव्ह ओरडले. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. शेजारच्या गावच्या गाड्या निघाल्या होत्या. आग कुठवर आलीय, असं त्यातले लोक विचारत होते.

"आग नाही," क्लाइव्ह म्हणाले. "माणूस सुखरूप आहे. घरात दिवा होता."

"कसला दिवा, कॅप्टन? दिव्याखाली गांजा पिकवताय का घरात?"

आगीच्या दिवसांत हा वायरलेस घराघरांत ऐकतात. क्लाइव्हनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली. नको. तिचं तोंड माझ्या उजेडातही पांढरं दिसत होतं.

"माझा दिवा आहे," क्लाइव्ह म्हणाले. "गुडघ्यांसाठी."

कॅप्टन त्या वायरलेसवर पहिल्यांदाच खोटं बोलले होते. लिनेटबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला आणि वायरलेस नवऱ्याच्या खांद्यावरून ओढून घेतला.

"त्याचे गुडघे ठणठणीत आहेत," त्या त्यात म्हणाल्या. "दिवा माझा आहे. मांड्यांवरच्या खळ्यांसाठी आणलाय. बाकी सगळं ठीक." मग नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "लोक यावर जिवाचा भरवसा ठेवतात. माझ्या मांड्यांसाठी यात खोटं घालायचं नाही."

मग शेजारच्या गावच्या गाडीतून एका बाईचा आवाज आला. "समजलं. परत फिरतोय." आणि लगेच, "फरक पडतोय का गं, लिन?"

"मंगळवारचा मंगळवार चाललंय. एवढ्यात नाही सांगता येत."

"कळलं की कळव."

नव्या वर्षाच्या सकाळी बाई पोहायला गेल्या. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक झाल्यावर लपवायला काही उरलंच नव्हतं. मी अर्थात घरीच. ओल्या जागेचं नाव काढलं तरी माझी वायर गारठते. परत आल्यावर केस पुसत त्या क्लाइव्हना सांगत होत्या, ते मी ऐकलं.

"अख्खा क्लब वाकून तपासत होता. ग्लेनिस म्हणाली, डावी सुधारलीय. जोडी म्हणाली, उजवी. मत टाकायची वेळ आली होती, तेवढ्यात लाट आली."

"मग?"

"मग मी पहिली उडी मारली. पण तू खरं सांग, काही फरक दिसतो?"

पेटत्या रानात पुढं धावणारा तो माणूस दोन पावलं मागं सरला.

"पाणी गार होतं का?" त्यानं विचारलं.

मला परत धाडलं नाही. आता क्लबच्या बायका मला आळीपाळीनं घरी नेतात. प्रत्येक गाडीच्या डिकीत मी थरथरतो, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न ऐकून घाबरतो. मी खळ्या कमी करतो, की नुसत्या कमी दाखवतो, की तेही नाही, हे मलाही अजून कळलेलं नाही. तरी मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या यंत्रांना जपा. कोरड्या फडक्यानं पुसा, आणि लाज वाटते म्हणून चादरींमागं लपवू नका. माणसं त्यानं फार घाबरतात.

अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण माझ्या पंख्याच्या जाळीत एक माशी अडकून मेली आहे. कुणी जरा टाचणीनं काढता का?