थंड फ्राइज

पळवून नेलेल्या श्रीमंत बाईचं काम मिळालं तेव्हा ओदेतला खरा आनंद एकाच गोष्टीचा झाला: सिनेमाभर तोंडात बोळा होता. सत्तरी उलटली तसे संवाद पाठ होईनासे झाले होते. रात्री घोकलेलं सकाळी सफाचट. हे कुणाला कळलं की कामं बंद, मग नामूर गावातल्या आपल्या एका खोलीच्या घरात भिंतींकडे बघत बसायचं. हात बांधलेले, तोंड बंद. म्हाताऱ्या नटीला आणखी काय हवं?

चित्रीकरण निम्म्यावर आलं आणि दिग्दर्शक तिबोच्या डोक्यात किडा वळवळला. "मादाम, आज बोळा काढू. रेनिए फ्राइज भरवेल, तुम्ही गयावया करा. चारच वाक्यं आहेत."

चारच म्हणे! ओदेत ती सकाळभर पुटपुटत राहिली. कॅमेरा सुरू झाला. अपहरणकर्ता झालेल्या रेनिएने बोळा काढला, पुडक्यातली एक फ्राय तिच्या तोंडात घातली, आणि ओदेतची पाटी कोरी. संपलं सगळं, तिला वाटलं. जिभेवर शब्द नव्हता, होती ती फक्त गारढोण फ्राय.

"थंड आहे ही," ती म्हणाली. "पळवलंस, बांधलंस, ठीक. पण थंड फ्राइज? लाज नाही वाटत मेल्या?"

रेनिए गडबडला, पण नट हाडाचा. "गरम... गरम करून आणू, बाई?"

"गरम करून? अरे, पुन्हा तळ! दोनदा तळतात, एवढंही आईने शिकवलं नाही? सोड मला, मीच तळते!"

कॅमेरा हलू लागला. कॅमेरावाल्यालाच हसू आवरेना.

दृश्य संपल्यावर ओदेतला राहवलं नाही. "तिबो, वाक्यं विसरले मी. हल्ली काही पाठच होत नाही. काढायचं तर मला काढून टाक."

"ठाऊक आहे," तिबो डोळे पुसत म्हणाला. "निवडीच्या दिवशी तुम्ही एकच पान दोनदा वाचलंत, तुमच्या लक्षातही आलं नाही. बोळा मी नंतर पटकथेत घातला. आधी नव्हताच."

"मग आज का छळलंस?"

"बोळ्याआडून तुम्ही रोज रेनिएला शिव्या घालता. त्या ऐकायच्या होत्या. नुसतं 'मनाला येईल ते बोला' म्हटलं असतं तर तुम्ही कारण विचारलं असतं, आणि मला सगळं ठाऊक आहे हे सांगावं लागलं असतं."

ओदेतच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ती हसता हसता रडायला लागली. हात अजून बांधलेलेच होते, म्हणून रेनिएने आपल्या बाहीने तिचं नाक पुसलं.