गावी गेलेल्यांचा श्वास

"पेपर चांगलाय सर, पण निष्कर्ष चुकलाय," पल्लवी बोरसे म्हणाली, आणि मागच्या बाकावर भूपेंद्रने कपाळाला हात लावला.

सार्वजनिक आरोग्याच्या वर्गाला दिलीप गुप्ते सर दर वर्षी एक शोधनिबंध चिकित्सेला देत. वर लेखकाचं नाव नसे. ते कुणाचं, हे जुनी मुलं नव्यांना वसतिगृहात सांगून ठेवत. सरांचंच. जन्मात छापून आलेला एकुलता एक निबंध! मग दर वर्षी कुणीतरी उभं राहून चार गोड शब्द बोले आणि सर नवरदेवासारखे लाजत. पल्लवी वसतिगृहात राहत नव्हती, कतारगामच्या एका खोलीतून बसने यायची. तिला कोण सांगणार?

"काय चुकलंय?" सरांनी विचारलं.

निबंध पॉवरलूम कामगारांच्या श्वासावर होता. वर्षानुवर्षं धुळीत काम केलेल्यांची फुप्फुसं नव्या पोरांइतकीच धड निघाली होती. म्हणजे शरीराला धुळीची सवय होते, असा निष्कर्ष.

"तपासणी कारखान्यात झाली, सर. म्हणजे कामावर जो उभा होता त्याचीच. ज्याला दम लागतो तो कारखान्यात राहतो कुठे? तो गावी जातो. जुन्यांतले धडधाकट तेवढे उरले, आणि तेच मोजले."

भूपेंद्रने गुजरातीत सावरून घ्यायला पाहिलं. "सर, पेपर तो बहु सरस छे..."

"तू बस." सर पल्लवीकडे वळले. "हा तर्क झाला. पुरावा?"

हे जरा लागटच होतं. एकुलत्या एका लेकराचं नाक वाहतंय, हेही बापाला ऐकवत नाही.

"माझे पप्पा," पल्लवी म्हणाली. "लग्नाआधीपासून लूमवर होते. या तपासणीच्या आदल्या दिवाळीला त्यांनी वळकटी बांधली. म्हणाले, 'दम पुरत नही आते, मी गावले जास.' माझ्या शाळेसाठी आई इथेच राहिली. आमच्या शिरपूरकडं गल्लीगल्लीत असा एक तरी माणूस ओट्यावर बसलेला असतो, सर. त्याला कुणी तपासलं?"

परवानगी कारखान्यापुरतीच होती, हे उत्तर सरांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आधी वाईट वाटलं ते निबंधाचं, याची लाज वाटली.

"मला त्यांना भेटता येईल? श्वास मोजायचं मशीन घेऊन मीच येतो शिरपूरला."

"वारले, सर. मी बारावीत होते तेव्हा."

सरांनी टेबलावरचा निबंध मिटला. मग म्हणाले, "हा निबंध माझा आहे."

पल्लवीचा चेहरा उतरला. "सर, मला खरंच माहीत नव्हतं..."

"माहीत असतं तर बोलली नसतीस. बरं झालं."

ते खाली उतरले आणि पहिल्या बाकावर, मुलींनी सरकून दिलेल्या जागेत बसले. कोरा कागद पुढे ओढला.

"पप्पांचं नाव सांग."

"काशिनाथ बोरसे."

सरांनी ते लिहून घेतलं.

"वय?" त्यांनी विचारलं, आणि ती लगेच बोलेना तेव्हा हळूच म्हणाले, "घाई नाही, बेटा. आठवून सांग."